तिशीत संपतो म्हणे गणितज्ञ

बारावीचे निकाल लागले की जळगाव-धुळ्याच्या पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत एक मजकूर फिरू लागतो. सार असं: पोराला गणितात संशोधन करू देऊ नका. गणितज्ञ तिशीत संपतो; नंबर थिअरी (पूर्णांकांच्या गुणधर्मांचा अभ्यास) आणि कॉम्बिनेटोरिक्स (गोष्टी किती प्रकारे मांडता येतात याचं गणित) म्हणजे रिकामटेकड्यांचे खेळ; उरलंसुरलं आता कॉम्प्युटर करील; आणि खान्देशात असल्या उद्योगाला पैसा कोण देणार? चारही गोष्टी छातीठोकपणे लिहिल्या आहेत.

पहिली गोष्ट वयाची. तिचं मूळ बहुधा केंब्रिजचे गणितज्ञ जी. एच. हार्डी यांच्याकडे जातं. गणित हा तरुणांचा खेळ आहे, असं त्यांनी 1940 साली लिहिलं. पण आपला सर्वोत्तम काळ चाळिशी नुकतीच ओलांडल्यावरचा होता, हेही त्यांनी तिथेच लिहून ठेवलंय. फॉरवर्ड करणारे त्या पानापर्यंत पोचलेले दिसत नाहीत.

आपल्याच भाषेतला माणूस घ्या, गणितज्ञ शरदचंद्र श्रीखंडे. त्यांनी एक जुनं कोडं सोडवलं. सहा पलटणींतले सहा हुद्द्यांचे 36 अधिकारी चौकोनात असे उभे करायचे की प्रत्येक आडव्या आणि उभ्या रांगेत प्रत्येक पलटण आणि प्रत्येक हुद्दा एकेकदाच यावा. जमत नाही. थोर गणितज्ञ ऑयलरने 1782 मध्ये अंदाज बांधला की 6 ला जमत नाही तसं 10, 14, 18 अशा आकड्यांनाही कधी जमणार नाही. 6 बाबत तो बरोबर निघाला. बाकी सगळ्यांबाबत चुकला, हे श्रीखंडे, राज चंद्र बोस आणि पार्कर या तिघांनी 1959 मध्ये दाखवलं. न्यूयॉर्क टाइम्सने ती बातमी पहिल्या पानावर छापली. श्रीखंडे तेव्हा 41 वर्षांचे होते, आणि मुंबई विद्यापीठातली त्यांची कारकीर्द अजून पुढेच होती.

रॉजर अपेरी यांनी झीटा(3) ही संख्या, म्हणजे 1 + 1/8 + 1/27 + … ही घनांची अनंत बेरीज, अपरिमेय (अपूर्णांकात न मांडता येणारी) असल्याचं 61 व्या वर्षी सिद्ध केलं. यितांग झांग यांना पीएच.डी.नंतर अनेक वर्षं धड नोकरी नव्हती, सँडविचच्या दुकानातही त्यांनी काम केलं. 2013 मध्ये, 58 व्या वर्षी, त्यांनी सिद्ध केलं की 7 कोटींपेक्षा कमी अंतरावरच्या मूळ संख्यांच्या जोड्या अनंत आहेत. त्याच वर्षी 26 वर्षांच्या जेम्स मेनार्ड यांनी वेगळ्या वाटेने ते अंतर 600 वर आणलं. म्हणजे तरुण पोरं काही करत नाहीत असं मुळीच नाही. पण वयाची मर्यादा सरकारी भरतीला असते, प्रमेयाला नसते.

रिकामटेकडेपणाच्या आरोपाला फार वेळ देत नाही. उपयोग दाखवून गणिताची वकिली करणं मला तितकंसं रुचतही नाही. पण नंबर थिअरी निरुपयोगी, असं हार्डीही मानत होते, आणि 1977 मध्ये रिव्हेस्ट, शामिर, अ‍ॅडलमन यांनी मोठ्या मूळ संख्यांवरच गुप्त संदेशांची पद्धत उभी केली. चाळीसगावात भजीच्या गाडीवरचा क्यूआर कोड तेलाने डागाळला तरी स्कॅन होतो, तो चुका आपोआप दुरुस्त करणाऱ्या अशाच गणितामुळे.

कॉम्प्युटरचा मुद्दा मात्र खरोखर विचार करण्याजोगा आहे. हंगेरियन गणितज्ञ पॉल एर्डिश यांनी विचारलेला एक प्रश्न पाहा. +1 आणि −1 यांची अनंत रांग लावा. आता फक्त प्रत्येक दुसरा, किंवा तिसरा, किंवा कितवाही आकडा घेत सुरुवातीपासून बेरीज करत चला. सगळ्या बेरजा एका ठरावीक मर्यादेत ठेवता येतील का? 2014 मध्ये कॉम्प्युटरने दाखवलं की मर्यादा 2 ठेवली (म्हणजे बेरीज −2 ते +2 मध्येच) तर 1160 आकड्यांपर्यंत जमतं, 1161 ला काही केल्या जमत नाही. ती सिद्धता 13 गिगाबाइटची होती. पण मर्यादा 3 ठेवली तर? 100 ठेवली तर? कुठलीच मर्यादा टिकत नाही, हे 2015 मध्ये गणितज्ञ टेरेन्स टाओ यांनी कागदावरच्या युक्तिवादाने सिद्ध केलं. यंत्राने एक दार तपासलं. सगळी दारं एकदम बंद करणारी कल्पना माणसाची होती. पुढे यंत्रं आणखी हुशार होतील, तेव्हा त्यांच्याशी काम करता येणारे गणितज्ञ लागतीलच.

राहिला पैशाचा प्रश्न, आणि तोही खान्देशात विचारला जातो, याची मला गंमत वाटते. चाळीसगावजवळच्या पाटणच्या 1207 सालच्या शिलालेखात भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढल्याचं लिहिलंय. लेखाचा शेवटचा भाग जुन्या मराठीत आहे: पाटणच्या बाजारात विकायला येणाऱ्या मालावरचा राजाचा कर मठाला दिला. बाजाराच्या पैशावर चालणारी गणिताची फेलोशिपच म्हणा ना! त्या ग्रंथांत काय होतं? शंकराच्या दहा हातांत दहा आयुधं किती प्रकारे येतील, उत्तर 36,28,800, हे कॉम्बिनेटोरिक्स. आणि 61 ने गुणलेल्या वर्गात 1 मिळवून पुन्हा वर्गच कधी मिळतो, ही नंबर थिअरी. फ्रेंच गणितज्ञ फर्मा यांनी हेच कोडं युरोपला 1657 मध्ये घातलं. सिद्धान्तशिरोमणी हा ग्रंथ लिहिला तेव्हा भास्कराचार्य 36 वर्षांचे होते, करणकुतूहल हा दुसरा ग्रंथ 69 व्या वर्षीचा. वयाचा हिशेब इथेही जुळत नाही.

आजही नेट-जेआरएफ (नेट परीक्षेतून मिळणारी संशोधन-शिष्यवृत्ती) मिळाली तर महिना 37,000 रुपये आहेत, राष्ट्रीय उच्च गणित मंडळाच्या शिष्यवृत्त्या आहेत. मात्र पीएच.डी.नंतर कायम जागा कमी आहेत, आणि चांगली शिकलेली पोरं तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षं शिकवत राहतात. फॉरवर्डमध्ये हे लिहिलं असतं तर मी एक शब्द बोललो नसतो. पण ते भरती न होण्याचं दुखणं आहे, त्याचं खापर विषयावर का फोडायचं? पोराला रोखण्याआधी त्याला एमटीटीएस माहीत आहे का, एवढं विचारा: गणित शिकणाऱ्यांसाठी 1993 पासून भरणारं उन्हाळी शिबिर. आठवडाभरात त्याला कंटाळा आला, तर तो स्वतःच सांगेल.