दोन लाखांचा देश आणि एक काळी पिशवी

रविवारी माहीमला मासळी घ्यायला गेले होते. मावशीनं बोंबलांचा वाटा उचलला, टोपलीखालून प्लास्टिकची काळी पिशवी काढली आणि आधी रस्त्याच्या दोन्ही टोकांकडे नजर टाकली. २३ जून २०१८ पासून आपल्या राज्यात या पिशवीवर बंदी आहे. पहिल्यांदा सापडलं तर ५,००० रुपये दंड. मीही काही धुतल्या तांदळाची नाही, निमूट पिशवी घेऊन निघाले.

घरी भाचा म्हणाला, "मावशी, आपला देश अवाढव्य आहे म्हणून असं होतं. भूतानएवढा असता तर कायदा चुटकीसरशी लागू झाला असता."

नेमकं भूतानच काढलंन त्यानं! आठ लाखांच्या आतली वस्ती. २००४ साली तिथं तंबाखूच्या विक्रीवर बंदी आली आणि २०१० मध्ये आणखी कडक कायदा झाला. स्वतःपुरती तंबाखू बाहेरून आणायची तर कर भरायचा आणि पावती सांभाळायची. २०११ मध्ये एका तरुण भिक्खूकडे विनापावती, शे-सव्वाशे रुपयांची खायची तंबाखू सापडली. तीन वर्षांची कैद! लोक खवळले, २०१२ मध्ये कायदा सौम्य करावा लागला. पण खरी गोची सरहद्दीवर होती. आपलं जयगाव आणि त्यांचं फुंत्शोलिंग एकमेकांना खेटून. अलीकडे पानटपरी, पलीकडे गुन्हा. कुणाकुणाचे खिसे तपासणार? शेवटी चोरट्या मालाबरोबर कोविडही येईल या धास्तीनं २०२१ मध्ये विक्रीबंदीच उठवली.

मग लहान देशांना जमतच नाही का? जमतं की. सामोआ बघा, पॅसिफिकमधला बेटांचा देश, लोकसंख्या जेमतेम दोन लाख. ७ सप्टेंबर २००९ च्या सकाळी अख्ख्या देशानं उजवीकडून गाडी चालवायचं सोडून डावीकडून चालवायला सुरुवात केली. कारण अगदी घरगुती: ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमधल्या नातेवाइकांकडून स्वस्तातल्या जुन्या गाड्या आणता याव्यात. विरोध झाला, मोर्चे निघाले, प्रकरण कोर्टातही गेलं. सरकारनं दोन दिवस सुट्टी दिली, वेगमर्यादा खाली आणली आणि तीन दिवस दारूविक्री बंद ठेवली. (हे शेवटचं मला फार आवडलं.) पार पडलं.

मला विचाराल तर फरक लोकसंख्येचा नाहीच. चुकीच्या बाजूनं गाडी घातली तर समोरचाच अंगावर येतो, तिथं पोलिसाची गरज किती? तंबाखूत आणि पिशवीत मात्र घेणारा-देणारा एका बाजूला आणि कायदा एकटा दुसऱ्या बाजूला. तो रोज राबवायचा तर रोज माणूस उभा करावा लागतो, आणि लहान, गरीब देशात तोच माणूस सकाळी जकात बघतो, दुपारी परवाने देतो. शिवाय ज्याला पकडायचं तो त्याचाच चुलतभाऊ निघतो.

आणि ओल्या मासळीला कापडी पिशवी चालत नाही, हे मसुदा लिहिणाऱ्यांपैकी कुणीतरी मावशीला विचारायला हवं होतं.

काल स्टीलचा डबा घेऊन गेले. मावशी खूश. बोंबील डब्यात भरले, वर झाकण लावलं, आणि "सांडेल गं ट्रेनमध्ये" म्हणून डबा काळ्या पिशवीत घालून दिला.