वॉशिंग्टनचा सोनेरी डॉलर सोन्याचा नाही

‘जॉर्ज वॉशिंग्टनचं एक डॉलरचं नाणं सोन्याचं आहे, त्यावर साल नाही म्हणून ते दुर्मीळ, लाखमोलाचं’ असा मेसेज फिरतोय. सगळंच चुकीचं. अमेरिकी अध्यक्षांची ही मालिका २००७ मध्ये सुरू झाली. नाण्यात सोन्याचा कणही नाही, ८८.५ टक्के तांबं, बाकी जस्त, मँगनीज, निकेल. वापरून काळवंडलं की कळतंच! साल आहे, पण कडेवर कोरलेलं. नाणं उभं धरून फिरवा, टांकसाळीचं अक्षरही दिसेल. कडेचा मजकूर राहून गेलेली काही वॉशिंग्टन नाणी मात्र खरोखर बाहेर पडली. त्यांना संग्राहक एका डॉलरहून बरंच जास्त मोजतात, पण लाख नव्हे. घेण्याआधी वजन करा: मजकूर मुद्दाम पुसायला कड घासली असेल तर ते ८.१ ग्रॅमला कमी भरेल.