प्रदर्शन भरवलं की झालं?

परवा दादरला पुन्हा एक सेंद्रिय धान्य महोत्सव. पुन्हा फीत, पुन्हा भाषणं. दुसऱ्या दिवशी मंडप गुंडाळला आणि माझा मामेभाऊ उरलेली चार पोती ज्वारी घेऊन मंगळवेढ्याला परत. गाडीभाडं खिशातून!

किती वर्षं हेच बघायचं? २०१५ला सेंद्रिय शेतीसाठी केंद्राची परंपरागत कृषी विकास योजना आली, २०२३ला भरडधान्यांचं जागतिक वर्ष झालं. आणि बाजार? तो कुठाय? ज्वारीचा हमीभाव एकच, रसायन घाला नाहीतर शेणखत. सेंद्रिय प्रमाणपत्रासाठी साधारण दोन वर्षं रूपांतराची, म्हणजे रसायनं सोडून शेती करायची. त्या काळात पिकाचा उतारा घटतो आणि माल ‘सेंद्रिय’ म्हणून विकताही येत नाही. ती दोन वर्षं घर कशावर चालवायचं?

संशोधनाचं तर बोलायलाच नको. शेणखतावर, पावसावर नीट येईल असं वाण शोधायला पैसा लावा की! साठवणीवर लावा. माझ्या डब्यातली ज्वारी बघा: कडुनिंबाचा पाला घातला, ऊन दिलं, तरी महिन्याभरात सोंडे. दाण्याला बारीक भोक, आत नुसतं पीठ. धुरी नको, औषध नको, मग धान्य टिकवायचं कसं, हे शेतकऱ्याने एकट्याने शोधायचं?

मुंबईत दर आठवड्याला ठरलेली जागा द्या, एक गोदाम द्या, वाहतुकीला पैसे द्या. आमच्या सोसायटीतल्या चाळीस घरांना ही ज्वारी हवीय हो! भाऊ पिकवतोय, आम्ही घ्यायला तयार आहोत, मधला रस्ताच कुणी बांधत नाही.