मेळघाटातली बाळं आईबापांच्या अडाणीपणाने मरत नाहीत

मेळघाटातल्या बालमृत्यूंची बातमी आली की एक मेसेज फिरू लागतो. सरकार धान्य फुकट देतं, अंगणवाडीत अंडी-केळी देतं, तरी मुलं कुपोषित, कारण आईबाप अडाणी आणि भूमकाच्या, म्हणजे गावातल्या मांत्रिक-वैदूच्या, नादी लागलेले. आणि हा प्रश्न फक्त आदिवासींचा, असा त्याचा मजकूर. चांगली शिकलेली माणसंही तो पुढे पाठवतात, म्हणून एकेक मुद्दा घेते.

‘धान्य फुकट मिळतं.’ मिळतं, आणि मिळायलाच हवं. पण रेशनच्या ‘प्राधान्य कुटुंब’ यादीतल्या घरात माणशी महिन्याला ५ किलो, म्हणजे दिवसाला साधारण १६५ ग्रॅम. त्यातून ६०० कॅलरीही निघत नाहीत. राबणाऱ्या बाईला दोन हजारांच्या वर लागतात. डाळ, तेल, दूध विकतच घ्यायचं. वर्षाच्या बाळाचं तर गणितच निराळं. त्याच्या पोटात एका वेळी वाटीभरच मावतं. त्या वाटीत पातळ पेज असली तर ते रडायचं थांबतं, वजन मात्र वाढत नाही. वाटीत घट्ट वरणभात हवा, त्यावर चमचाभर तेल हवं, आणि दिवसातून चार-पाच वेळा कुणीतरी जवळ बसून भरवायला हवं.

ते भरवायचं कुणी? ‘अंगणवाडीत पाठवत नाहीत’ म्हणणाऱ्यांनी हे आधी सांगावं. तीन वर्षांखालच्या मुलांचा शिधा पाकिटातून घरी येतो. घरात आणखी दोन भुकेली भावंडं असतील तर ते पाकीट वाटलं जाणारच. कुठलीही आई तेच करेल. धारणी-चिखलदरा या मेळघाटातल्या तालुक्यांतली शेती बहुतेक कोरडवाहू. पीक निघालं की इथली कोरकू आदिवासी कुटुंबं मजुरीसाठी बाहेर पडतात. बाळ सोबत जातं, त्याचं नाव गावच्या अंगणवाडीच्या रजिस्टरात राहतं. कामाच्या जागी आई दिवसभर रानात आणि बाळ सात-आठ वर्षांच्या बहिणीच्या कडेवर.

अंधश्रद्धेचा मुद्दा मी झटकून टाकणार नाही. आजारी बाळाच्या पोटावर तापल्या लोखंडाचे चटके देतात, त्याला डंबा म्हणतात. हे भयंकर आहे, थांबलंच पाहिजे. पण चटका दिला जातो तेव्हा बाळ आधीच आजारी असतं, आणि भूमका हाकेच्या अंतरावर असतो. दवाखाना तसा नसतो. उपचार दारात आले तर काय होतं, हे गडचिरोलीने दाखवलं आहे. डॉ. राणी आणि अभय बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी शिकवली: वजन करणं, ऊब देणं, न्यूमोनिया ओळखणं, जंतुसंसर्ग झाल्यास इंजेक्शन देणं. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांच्या मानाने ६२ टक्क्यांनी घटला. १९९९ साली हे ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. आईबाप तेच होते, त्यांची गरिबी तीच होती. बदलली ती सेवा.

राहिला ‘फक्त आदिवासींचा प्रश्न’. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५.२ टक्के मुलं वयाच्या मानाने खुजी आढळली. २०११ च्या जनगणनेत राज्यात आदिवासी होते सुमारे ९ टक्के. एकूण एक आदिवासी मूल खुजं धरलं तरी हा आकडा भरत नाही. उरलेली मुलं मेसेज पाठवणाऱ्यांच्याच गावांतली आणि शहरांतली आहेत.