नानांचं सुतक

नॉटोवे जळाल्यापासून नाना सुतकात आहेत. मुलाकडे ह्यूस्टनला गेले होते तेव्हा सुनेनं पाच तास गाडी दामटून त्यांना लुइझियानातला हा वाडा दाखवला होता. पांढऱ्या खांबांपुढे कमरेवर हात ठेवून काढलेला तो फोटो आज कट्ट्यावर चौथ्यांदा फिरला.

"त्रेपन्न हजार चौरस फूट! सायप्रसचं लाकूड, वाळवी सहजी लागत नाही. वास्तुविशारद हेन्री हॉवर्डचं काम, १८५९ चं. दारं १६५, खिडक्या २००. वर्षाच्या दिवसाला एक!" नाना बांधकाम खात्यातले निवृत्त ओव्हरसियर, भिंत दिसली की गहिवरतात.

"आणि विटा कुणी भाजल्या?" सुध्यानं कटिंग फुंकत विचारलं.

"कुणी म्हणजे? मजुरांनी."

"मजुराला मजुरी असते, नाना."

दिल्या मध्ये पडला. "पण नेटवर लोक टाळ्या पिटत होते रे. जळत्या वास्तूला हसू नये."

"बरं. आणि त्या वास्तूत लग्नाचे हॉल भाड्यानं जायचे, तेव्हा नवरानवरीला कुणी सांगितलं का, इथं उसात १५५ माणसं राबत होती म्हणून?"

"मी वास्तुकलेबद्दल बोलतोय," नाना फणकारले, "तू उगाच माणसं आणतोस!"

"मी कुठं आणली? वाड्याच्या मालकानं, रँडॉल्फनं आणली, पैसे मोजून. दारं १६५, माणसं १५५. १८६० च्या जनगणनेत गुलामांचा तक्ताच वेगळा होता. वय, लिंग, रंग, आणि नाव मालकाचं."

नाना गप्प. सुध्या थांबेल तर शपथ.

"तिथंच मिसिसिपी नदीकाठी ओक ॲली नावाचा असाच एक मळा आहे. तिथं अँटवान नावाचा गुलाम माळी होता. त्यानं पिकानची, म्हणजे अक्रोडासारख्या सुक्या मेव्याच्या झाडाची, कलमं बांधली. कवच इतकं पातळ की बोटांनी फुटावं. पुढं १८७६ च्या फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनात त्या जातीला बक्षीस मिळालं. आणि अँटवान? मालकाच्या मालमत्तेच्या यादीत. वय ३८, किंमत हजार डॉलर, शेरा 'कलमात तरबेज'."

"पिकान म्हणजे…" दिल्याचा चेहरा उजळला. "नाना, तुम्ही येताना आणलेले तेच ना? माणशी चार दिले होते?"

"चार नाही, पाच!" नाना उसळले.

"बघा," सुध्या म्हणाला, "मोजून दिले होते."

टपरीवाल्यालाही हसू आवरेना. चहाचे पैसे नानांनीच दिले, तेही मोजून.