माझी तक्रार, माझ्याचकडे

गेल्याच्या आधीच्या शनिवारी सकाळी अकराच्या सुमाराला मी आमच्या तळ्याच्या ऐन मध्यावर, बोटीच्या काठावर पोट टेकून, दोरीला बांधलेलं एक ताट पाण्यात सोडत होतो. तेवढ्यात माझ्यावर चोरटी मासेमारी केल्याचा आरोप झाला. आरोप करणाऱ्याने माझी तक्रार थेट तळ्याच्या संघटनेकडे करायची धमकीही दिली. तळ्याच्या संघटनेचा अध्यक्ष मी आहे.

थोडक्यात सांगतो. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात, हॅलिबर्टन भागात, आमचं एक छोटं लाकडी कॉटेज आहे. टोरांटोहून नकाशा म्हणतो अडीच तास, शुक्रवारची संध्याकाळ म्हणते साडेचार. कॉटेज घेतलं नऊ वर्षांपूर्वी, शांततेसाठी. इथे जवळजवळ प्रत्येक तळ्याला एक संघटना असते आणि या संघटनांचा १९६३पासून एक महासंघही आहे, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. माझे वडील कोथरूडच्या आमच्या सोसायटीचे चिटणीस होते. रात्री अकरा वाजता लेंग्यावर जिना उतरून, टाकी का ओसंडतेय ते बघायला जाणारे वडील पाहतच मी मोठा झालो आणि तेव्हाच कानाला खडा लावला होता. पण इथल्या वार्षिक सभेत बटर टार्ट फार चांगले असतात. ते खायला गेलो आणि तोंडातला घास संपल्यावर, काहीतरी बोलायला हवं म्हणून विचारलं, “आपल्या तळ्यात फॉस्फरस किती आहे?” सगळ्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती मी पूर्वी फक्त लग्नाच्या मुलीच्या बापाच्या डोळ्यांत पाहिली होती. स्थळ सापडलं होतं.

तर ते ताट. त्याला सेक्की तबकडी म्हणतात. वीस सेंटिमीटर व्यासाची, चार पाकळ्या, दोन काळ्या, दोन पांढऱ्या. मोजपट्टीसारख्या खुणा केलेल्या दोरीने ती पाण्यात सोडायची. दिसेनाशी झाली की आकडा बघायचा, वर ओढताना पुन्हा दिसली की आकडा बघायचा, दोन्हींची सरासरी म्हणजे पाण्याचा नितळपणा. १८६५ साली अँजेलो सेक्की नावाच्या एका जेझुइट धर्मगुरूने पोपच्या नौकेवरून भूमध्य समुद्रात तबकड्या सोडून पाहिल्या. दीडशेहून जास्त वर्षं झाली, माणूस चंद्रावर जाऊन आला, पण तळं गढूळ झालंय का हे बघायला अजून ताटच बुडवावं लागतं. आईला व्हिडिओ कॉलवर दाखवलं तर ती म्हणाली, “अरे, एवढ्या लांब जाऊन विसर्जन कसलं करतोयस?”

हे आकडे आणि पाण्याचे नमुने आम्ही डॉर्सेट गावातल्या सरकारी प्रयोगशाळेला पाठवतो. प्रांतभरातली माझ्यासारखी फुकट राबणारी माणसं हे करतात. फॉस्फरस लिटरला दहा मायक्रोग्रॅमच्या आत असला की तळं सुखात आहे असं समजायचं. विसाच्या वर गेला की शेवाळाचा सुकाळ. मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. एवढ्याशा गोष्टीवरून एवढी भांडणं मी मराठी मंडळाच्या हिशेबातसुद्धा पाहिलेली नाहीत.

ताट बघताना काळा चष्मा घालायचा नसतो आणि बोटीच्या सावलीच्या बाजूने बघायचं असतं. त्यामुळे माझं रूप असं होतं: डोळे मिचमिचे, टोपी मागे सरकलेली, लाइफ जॅकेट कानापर्यंत वर आलेलं, आणि पाय हवेत. या अवस्थेत अध्यक्ष ओळखू येत नाही, हे मी आरोप करणाऱ्या आजोबांच्या बाजूने मान्य करतो.

आजोबा कयाकमधून आले. वल्ह्याचा आवाजसुद्धा नाही. एकदम कानाशी प्रश्न, “काही लागतंय का?”

मला वाटलं वाचन, म्हणजे ताटाचा आकडा, विचारतायत. कोणीतरी पहिल्यांदाच विचारत होतं, म्हणून मी भरून येऊन म्हणालो, “पाच मीटरपर्यंत दिसतंय!”

“पाच मीटर? इथे?” त्यांनी वल्हं आडवं ठेवलं. “आमिष काय?”

“आमिष नाही. ताट आहे.”

ते विचारात पडले. “चमकतं?”

“नाही. अर्धं काळं, अर्धं पांढरं.”

“हं. बासला चालतं असलं.” बास हा इथला एक मासा. मला तो शब्द मराठीतून म्हणावासा वाटत होता. “परवाना?”

“मी मासे पकडत नाहीये.”

“सगळे असंच म्हणतात. मला परवाना लागत नाही. पासष्टच्या वर माफ आहे. मी ब्याऐंशीचा.” हे सांगताना त्यांची छाती कयाकमधून दोन इंच वर आली. “तुम्हाला लागेल.”

“अहो, मी शाकाहारी आहे.”

“म्हणजे पकडून सोडून देता,” ते समजुतीने म्हणाले. “छान आहे. पण परवाना त्यालाही लागतो.”

हे खरंच आहे. इथे मासा पकडून, त्याची क्षमा मागून परत सोडला, तरी परवाना लागतो. त्यामुळे मला उलट बोलता येईना. वाद घालताना समोरच्याचा एखादा मुद्दा बरोबर निघाला की माझी फार पंचाईत होते.

“आणि खाली वजन कसलं आहे? शिशाचं?”

“लोखंडाचं.”

“नक्की?” त्यांनी लाइफ जॅकेटच्या खिशातून प्लॅस्टिकची पिशवी काढली, पिशवीतून घडी केलेला कागद काढला, चष्मा बदलला. “लून पक्षी अन्न दळायला बारीक खडे गिळतात. त्यात माशाच्या गळाची शिशाची वजनं गिळली गेली तर विषबाधा होऊन मरतात. कृपया शिसं वापरू नका. हे वाचलंयत का तुम्ही?”

वाचलं होतं. लिहिलं होतं. ते माझं पत्रक होतं. तीन वर्षांपूर्वी घरोघर जाऊन मी ते स्वतः वाटलं. चारशे प्रती. त्यातल्या किती चुलीत गेल्या, किती डगमगत्या टेबलाखाली गेल्या, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. एका घरात तर माझ्यासमोरच त्यात माशाची आतडी गुंडाळली. अख्ख्या तळ्यावर ते पत्रक जपून ठेवणारा, पाण्यात भिजू नये म्हणून पिशवीत घालणारा एकमेव वाचक मला भेटला, आणि तो मलाच ते मोठ्याने वाचून दाखवत होता. लेखकाच्या आयुष्यात असे क्षण थोडे असतात. इतरांच्या आयुष्यात ते बरे असावेत.

लूनबद्दल जाता जाता सांगतो. इथल्या एक डॉलरच्या नाण्यावर हा पक्षी आहे, म्हणून नाण्याला लाडाने ‘लूनी’ म्हणतात. १९८७ साली नाणं आलं तेव्हा त्यावर खरं तर होडीतले वल्हेकरी यायचे होते. पण त्याचे मूळ साचे ओटावाहून विनिपेगला जाताना वाटेत हरवले, आणि ऐनवेळी लूनची वर्णी लागली. हा देश सामान हरवल्यामुळे पक्षिप्रेमी झाला, असं माझं मत आहे. रात्री तळ्यावर लून ओरडतो तेव्हा पहिल्या वर्षी आम्ही दोघं उठून दिवे लावून बसलो होतो. आता त्या आवाजाशिवाय झोप लागत नाही. तर ते असो.

“तुम्ही कुठल्या डॉकवरचे?” आजोबांनी कागदाची घडी घातली. “आठवडाभर भाड्याने आलात ना?”

“नऊ वर्षांपासून इथेच आहे. तुमच्यापासून सहावं घर. हिरवं छप्पर.”

“ते घर भाड्याने देतात,” ते म्हणाले. माझ्या घराबद्दल मला. मग थोडं मऊ होऊन, मुलाखत घेतल्यासारखं, “तुमच्याकडे असंच ताट टाकून पकडतात का?”

हा प्रश्न मी हसून टाळला. टोरांटोत टाळतो, ऑफिसात टाळतो, तसा इथेही टाळला. त्यासाठी वेगळं हसू लागतं, आणि ते आता आपोआप येतं. पण तळ्याच्या मध्यावर, स्वतःच्या बोटीत, पाय हवेत असताना ते यावं याचा राग अजून गेलेला नाही.

म्हणून मीही खोडी काढली. “पत्रकाचं तिसरं पान वाचलंत का?”

तिसऱ्या पानावर काठ मोकळा सोडा असं लिहिलंय. पाण्यापर्यंत हिरवळ कापू नका, झुडपं राहू द्या, खत घालू नका. काठावरच्या झुडपांची मुळं वाहून येणारं खत-मातीचं पाणी अडवतात. शिवाय कापलेल्या हिरवळीवर कॅनडा गूस नावाचे पक्ष्यांचे दांडगट जथे उतरतात, कारण तिथे कोल्हा लपायला जागा नसते आणि जेवण पायाखाली असतं. खातात तिथेच बाकीचंही उरकतात, आणि ते सगळं पावसाबरोबर फॉस्फरस होऊन तळ्यात येतं. आजोबांची हिरवळ पाण्यात पाय सोडून बसलेली आहे. क्रिकेटचं मैदान करावं अशी. गूस तिथे सकाळ-संध्याकाळ पंगतीला असतात.

“तिसरं पान वाचलं,” आजोबा म्हणाले. “ज्याने लिहिलंय त्याला हिरवळीतलं काडीचं कळत नाही.”

इथे गंमत अशी की ओंटारिओतल्या बऱ्याच तळ्यांच्या काठाला जुन्या मोजणीत सहासष्ट फुटांची पट्टी रस्त्यासाठी राखलेली असते. विकत घेतली नसेल तर ती कॉटेजवाल्याची नसतेच. म्हणजे आजोबा पन्नास वर्षं दर शनिवारी, स्वतःचं पेट्रोल जाळून, बहुधा सरकारची हिरवळ कापतायत. हे मला कधीतरी सांगायचं आहे. पण माझ्या पट्टीचे कागदही मी अजून उघडून पाहिलेले नाहीत, म्हणून गप्प आहे.

तेवढ्यात ती राक्षसी लाटा काढणारी बोट गेली. पोटात पाणी भरून मुद्दाम जड केलेली असते ती, लाट मोठी उठावी म्हणून. लाट आली, आजोबांची कयाक वर, माझी बोट खाली, दोरी हातातून सुटली आणि वाचन गेलं. पाच मीटरच्या वर किती होतं ते आठवेना. त्या बोटीबद्दल आजोबा अवाक्षर बोलले नाहीत. उलट हात हलवला. नातू होता.

“मी तळ्याच्या संघटनेकडे तुमची तक्रार करणार आहे,” वल्हं उचलत ते म्हणाले.

“आजोबा, संघटनेचा अध्यक्ष मीच आहे.”

त्यांनी पुन्हा चष्मा बदलला. मला खालपासून वरपर्यंत पाहिलं, म्हणजे माझ्या त्या स्थितीत पायांपासून. “मग तर प्रकरण आणखीच गंभीर आहे,” म्हणाले, आणि निघून गेले.

सोमवारी ईमेल आली. दोन पानं, परिच्छेदांना क्रमांक. आता नियम असा की प्रत्येक तक्रारीला चौदा दिवसांत लेखी उत्तर द्यायचं, आणि ज्याच्यावर आरोप आहे त्याने निवाड्याला बसायचं नाही. हा नियम मी केला. दोन वर्षांपूर्वी, पारदर्शकतेच्या भरात. समितीत आम्ही तिघंच आहोत. मी बाद. खजिनदार माझी बायको, कारण दुसरं कोणी तयार नव्हतं. चिटणीस आजोबांचा मेहुणा. म्हटलं, आजोबांनी तीन वर्षं चाळीस डॉलरची वर्गणी दिलेली नाही, सभासदच नाहीत तर तक्रार कसली? नियम पाहिला. ‘तळ्याचं पाणी ज्याच्या काठाला लागतं असा कोणीही तक्रार करू शकतो.’ हेही मीच लिहिलेलं. भाषेवरून वाटतं, त्या दिवशी हवा चांगली असावी.

“तू तरी सांग, मी मासे पकडत नव्हतो,” मी बायकोला म्हणालो.

“मी तिथे नव्हते,” खजिनदार म्हणाल्या. “मला दोन्ही बाजू ऐकाव्या लागतील.”

मला राग कशाचा आहे? २०२२च्या जानेवारीपासून इथे कायदा आहे. एका तळ्यातून दुसऱ्यात बोट नेताना तिला चिकटलेली पाणवनस्पती काढायची, तळाचं बूच उघडून पाणी सोडून द्यायचं. बाहेरचं मिलफॉइल एकदा तळ्यात शिरलं की त्याच्या तुटलेल्या तुकड्या-तुकड्यातून नवं रोप उगवतं, आपल्याकडच्या जलपर्णीसारखं पिच्छाच सोडत नाही. तरी दर शनिवारी धक्क्यावर बोटी येतात त्या वनस्पतींची तोरणं लावून. त्यांना कोणी परवाना विचारत नाही. सेप्टिक टँक तीन ते पाच वर्षांनी उपसून घ्या म्हणून हात जोडले, तर एक गृहस्थ म्हणाले, “आधी तुमची दाखवा.” दाखवली. झाकण उघडून दाखवली! ते बघून म्हणाले, “चांगली आहे,” आणि घरी गेले. निम्म्याहून जास्त लोक वर्गणी देत नाहीत, पण जुलैत पाण्याला जरा हिरवी झाक आली की फोन मलाच. जणू रोज रात्री जाऊन मी रंग कालवतो.

आज नववा दिवस. मेहुण्याने कळवलंय की नातेसंबंधामुळे तोही निवाड्यातून बाजूला होतोय. बायको एकटी राहिली आहे आणि तिने माझा जबाब लेखी मागितलाय.

काल आजोबांची दुसरी ईमेल आली, पहिलीची आठवण करून देणारी. त्यात पाचवा परिच्छेद वाढवलाय. माझ्या पत्रकात दुसऱ्या पानावर ‘फॉस्फरस’च्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक ‘ओ’ जास्त पडलाय, संघटनेला हे शोभत नाही, असं म्हणणं आहे.

मी शब्दकोश उघडून पाहिला. एक ‘ओ’ जास्त आहे. सात ठिकाणी.