खापरपणजीच्या माहेरचा माणूस

शुक्रवारी दुपारी चारच्या सुमारास मुख्याध्यापक माझ्या टेबलाकडे येताना दिसले की माझ्या पोटात गोळा येतो. बाकीच्या शिक्षकांकडे ते काम घेऊन येतात. माझ्याकडे डोंगर घेऊन येतात.

"टीचर, उद्या मोकळे ना?"

वरिष्ठांच्या या प्रश्नाला कोरियात एकच उत्तर असतं आणि ते वरिष्ठांनीच आधी ठरवलेलं असतं. २०१२पर्यंत इथल्या शाळा काही शनिवारीही भरत. ते दिवस आठवून जुने शिक्षक अजून उसासे टाकतात. मला मात्र वाटतं, शनिवारी शाळा असती तर मी सुखात असतो. फार तर चार तास गेले असते. आणि तेही अंगावर कपडे असताना.

पण थांबा, हे मधूनच सांगितलं तर कळायचं नाही.

मी साताऱ्याचा. बुसानमधल्या एका माध्यमिक शाळेत इंग्रजी शिकवतो. भारत आणि कोरिया यांच्यात २०१०पासून जो व्यापारी करार लागू आहे, त्यात नाना तऱ्हेच्या मालाबरोबर इंग्रजीच्या साहाय्यक शिक्षकांनाही वाट ठेवलेली आहे. त्या मालातला मी एक नग. पहिल्या दिवशी वर्गात शिरलो तेव्हा सोनेरी केसांच्या टीचरची वाट बघत बसलेल्या पोरांपैकी एकाने मान वाकडी करून माझ्या मागे आणखी कुणी येतंय का ते पाहिलं. कुणीच येत नव्हतं.

मुख्याध्यापक मात्र मला पाहून हरखले. त्यांचं आडनाव किम. त्यात विशेष काही नाही, इथे पाचातला एक माणूस किमच निघतो. पण हे गिम्हेचे किम. गिम्हे हे बुसानला अगदी खेटून असलेलं गाव, विमानतळालाही त्याचंच नाव आहे. 'सामगुक युसा' या तेराव्या शतकातल्या ग्रंथात अशी कथा आहे की, इसवी सन ४८मध्ये अयुता नावाच्या देशाची राजकन्या जहाजातून इथे आली आणि सुरो राजाची राणी झाली. अयुता म्हणजे आपली अयोध्या, असं पुष्कळांचं मत. गिम्हेचे किम स्वतःला या जोडप्याचे वंशज मानतात.

म्हणजे नात्याने मी मुख्याध्यापकांच्या खापरपणजीच्या माहेरचा माणूस झालो.

मी प्रामाणिकपणे नकाशा उघडून दाखवला. सातारा ते अयोध्या हजाराहून जास्त किलोमीटर आहे, आमच्या घराण्यातलं कुणी काशीच्या पुढे गेल्याचं ऐकिवात नाही, वगैरे. त्यांनी नकाशाकडे नीट पाहिलं. त्यांच्या एका बोटाखाली दोन्ही गावं मावत होती. "जवळच तर आहे!" म्हणाले.

माहेरच्या माणसाला नाही म्हणायची सोय नसते. त्याच्या पानात एक पोळी जास्त पडते आणि ती त्याने खायची असते. त्यात मी स्वतःच्या पायावर धोंडाही पाडून घेतला होता. पहिल्याच आठवड्यात, भाषेची अडचण असताना, एवढं एकच वाक्य मी फोनवरून भाषांतर करून ठसक्यात ऐकवलं होतं: आम्ही अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याची माणसं, डोंगर आमच्या रक्तात आहे. रक्तात असेलही. पायांत नव्हता. अजिंक्यताऱ्यावर गाडीरस्ता आहे आणि मी शेवटचा वर गेलो तो मित्राच्या स्कूटरवर मागे बसून.

तर शनिवारी सकाळी आठला मी मेट्रोच्या पहिल्या लाइनवरच्या बमोसा स्टेशनबाहेर उभा होतो. पायात कॅनव्हासचे बूट, हातात पाण्याची बाटली. भोवती मात्र एव्हरेस्टची मोहीम जमली होती. साठी-सत्तरीच्या आजुम्मा (आजी आणि अम्मा यांच्या मधलं काहीतरी, असं मी मनाशी ठरवून टाकलं आहे) डोक्यावर छपराएवढी झापड असलेल्या टोप्या, हातांवर फुलाफुलांच्या बाह्या, दोन्ही हातांत काठ्या, पाठीवर सॅक अशा थाटात नव्वद नंबरच्या बसच्या रांगेत उभ्या होत्या. जायचं होतं कुठे, तर गमजंगसान डोंगरावर. उंची ८०१ मीटर. मी मनातल्या मनात म्हटलं, कळसूबाई याच्या दुप्पट आहे. कळसूबाईलाही मी गेलेलो नाही, ही गोष्ट वेगळी.

बसने बमोसा मंदिरापाशी सोडलं. ६७८ साली स्थापन झालेलं हे बौद्ध मंदिर. त्याच्या नावातल्या 'बम'चा अर्थ ब्रह्म. ब्रह्मलोकातून एक सोनेरी मासा डोंगरावरच्या खडकातल्या पाण्यात उतरला, त्यावरून डोंगराचं नाव आणि मंदिराचंही. मुख्याध्यापकांनी माझा दंड धरून विचारलं, "ब्रह्म! तुमचाच ना?" मी म्हटलं, आमचाच. पुरावे साठत चालले होते.

मंदिरामागून वाट सुरू होते. वाट म्हणजे नुसते धोंडे, एकावर एक. विसाव्या मिनिटाला मला श्वास पुरेना, चाळिसाव्या मिनिटाला मी साताऱ्याचं नाव काढणं सोडलं. मागून आजुम्मांचं पथक आलं. एकीच्या सॅकमधल्या रेडिओवर ठेक्यातलं गाणं चालू होतं. माझ्याकडे पाहून त्या थांबल्या, आपसांत काहीतरी वैद्यकीय चर्चा झाली, मग एकीने सॅकमधून सोललेली काकडी काढून माझ्या हातात ठेवली आणि मूठ हवेत उडवून ओरडली, "ह्वाइटिंग!" इथे उत्तेजन द्यायला असं म्हणतात. मूळ इंग्रजी शब्द लढाईचा आहे, पण नेमकं कुणाशी लढायचं ते सांगत नाहीत. त्या पुढे गेल्या. मी काकडी खात त्या रेडिओचा आवाज लांब-लांब जाताना ऐकला.

वर सतरा-अठरा किलोमीटरची तटबंदी आहे, १७०३मध्ये बांधलेली. कोरियातला सर्वांत मोठा डोंगरी किल्ला. आता किल्ला म्हटल्यावर मराठी माणूस गप्प बसेल का? "बुरूज जरा कमीच वाटतात," असं काहीतरी बोलण्यासाठी मी तोंड उघडलं, पण आवाजाऐवजी नुसती हवा आली. मुख्याध्यापकांना वाटलं, मी भारावून गेलो आहे.

उतरल्यावर तटाच्या आतल्या गावात जेवण. त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. तिथले काळ्या बोकडाच्या मटणाचे शेगडीवर भाजलेले पातळ काप खाऊन मला माझी मामी आठवली, आणि मामी कुणालाही सहजासहजी आठवत नाही. बरोबर तिथली प्रसिद्ध माकग्यॉली, म्हणजे तांदळाची पांढरी, ताकासारखी दारू. मुख्याध्यापकांनी स्वतः ओतली. रिवाज असा, की पेला दोन्ही हातांनी धरायचा आणि वडीलधाऱ्यांपुढे पिताना तोंड बाजूला वळवायचं. काकांसमोर भिंतीकडे तोंड करून तंबाखूचा बार भरणारे पुतणे मी गावाकडे चिकार पाहिलेत. त्यामुळे हा एक रिवाज मला पहिल्या फटक्यात जमला. मुख्याध्यापक खूश. म्हणाले, "रक्त बोलतं."

आणि मग म्हणाले, "आता अंघोळ."

मला वाटलं, घरी जाऊन.

दोनशे तीन नंबरच्या बसने वळणावळणाने ओन्चनजांगला उतरलो. नावातच गरम झरे आहेत. एका मोठ्या इमारतीत शिरलो. बूट एका कप्प्यात ठेवले, त्याची किल्ली देऊन दुसऱ्या कप्प्याची किल्ली घेतली, आणि पुरुष विभागाचा पडदा बाजूला केला.

आता माझं बालपण लक्षात घ्या. आम्ही विहिरीवर चड्डी घालून पोहलो, नदीवर पंचा नेसून न्हालो. टॉवेलचं एक टोक दातांत धरून, एका पायावर नाचत कपडे बदलण्याची विद्या मला वडिलांनी दिली आणि त्यांना आजोबांनी. आमच्यात माणूस चारचौघांत उघडा न्हातो तो आयुष्यात दोनदाच, आणि दोन्ही वेळा दुसरेच घालतात. इथे पडद्याआड पन्नास माणसं जन्मली तशी हिंडत होती. केस विंचरत होती, बातम्या बघत होती, एकजण निवांत नखं कापत होता. मी टॉवेल मागितला. मिळाला तो हातरुमालाचा थोरला भाऊ होता. समोरून धरावा तर मागची बाजू बेवारस, मागून धरावा तर समोर कोरिया.

मुख्याध्यापकांनी तोवर सूट काढावा तसं सगळं काढून कप्प्यात ठेवलं होतं. जाताना मला म्हणाले, "या, या." फोन कप्प्यातच राहिला, म्हणजे भाषांतराचीही सोय संपली. माझ्या अंगावर मनगटातल्या रबरी किल्लीखेरीज काही उरलं नाही.

आधी बसून साबणाने स्वच्छ न्हायचं, मग हौदात उतरायचं, हा नियम. हौद तीन-चार, प्रत्येकावर तापमानाचे लाल आकडे. मुख्याध्यापक नेमके ४३च्या हौदाकडे गेले. त्यात पाच-सहा म्हातारे गळ्यापर्यंत बुडून, डोळे मिटून बसले होते. मुख्याध्यापकही उतरले, एक दीर्घ उसासा टाकला आणि खर्जात म्हणाले, "आऽऽ, शिवोनहादा..."

पलीकडून दुसऱ्याने तोच सूर लावला. "शिवोन... हादाऽऽ."

माझ्या अंगावर काटा आला. वाफ, मिटलेले डोळे, दिगंबर पुरुष आणि शिवोऽहम्! राजकन्येच्या जहाजातून एवढं सगळं आलं होतं? मी भक्तिभावाने एक पाय आत घातला आणि माझ्या तोंडून जो उच्चार झाला तो कोणत्याही स्तोत्रात नाही. बंबातलं पाणी विसण न घालता अंगावर ओतून घ्यावं तसं वाटलं. नंतर कळलं, 'शिवोनहादा' म्हणजे 'गार, मोकळं वाटतंय'. कढत पाण्यात बसून ही माणसं 'काय गारवा आहे' म्हणतात. उकळतं सूप पिऊनही हेच म्हणतात. या शब्दावर विश्वास ठेवून मी आजवर दोनदा जीभ आणि एकदा बाकीचा मी भाजून घेतला आहे.

मी शिजल्याची खात्री झाल्यावर मुख्याध्यापकांनी मला बाहेर काढलं, एका बुटक्या प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसवलं आणि स्वतःच्या हातात एक हिरवी खरखरीत पिशवी चढवली. हिला म्हणतात 'इटली टॉवेल'. कापड मूळचं इटलीहून आलेलं, पण अंग घासायची ही पिशवी निघाली ती याच बुसानमध्ये. मुख्याध्यापकांनी खुणेने सांगितलं: पाठ.

मी म्हटलं, सर, नको, तुम्ही वडीलधारे. पण हे मी मराठीत म्हटलं.

दिवाळीच्या पहाटे आजीने उटणं लावताना कातडीची काय गत केली होती, ते मला वाटलं होतं मी विसरलोय. विसरलो नव्हतो. मानेपासून सुरू झालं. वजरीने टाच घासावी तशी पाठ घासली जात होती. आणि माझ्या अंगावरून काळ्या शेवया गळू लागल्या. रोज दोनदा अंघोळ करणारा माणूस मी! मुख्याध्यापकांनी त्या मला कौतुकाने दाखवल्या. पार्वतीने अंगाच्या मळापासून गणपती केला म्हणतात. माझ्या मळात घरचा गणपती होऊन वर उंदीर सुटला असता.

मग पाळी माझी. एका माध्यमिक शाळेच्या मुख्याध्यापकांची पाठ मी घासत होतो. आमच्या साताऱ्याच्या हेडमास्तरांच्या सावलीवरसुद्धा आम्ही पाय देत नसू. "आणखी जोरात," ते म्हणाले. मी डोळे मिटले आणि जोर लावला.

"टीचर! हेलो!"

मी डोळे उघडले. समोर आठवीतला पोरगा उभा होता, शेजारी त्याचे वडील. दोघेही अर्थात नियमानुसार. पोराने शाळेत वाकतो तसं कमरेतून वाकून नमस्कार केला. वडिलांनी केला. मुख्याध्यापकांनी स्टुलावरूनच मान लववली. उरलो मी. इथे नमस्काराला उत्तर दिलं नाही तर माणूस उद्धट ठरतो. मी उभा राहिलो, एका हातात हिरवी पिशवी, दुसऱ्या हातात रुमालाचा थोरला भाऊ, आणि वाकलो. मागे कोण बसलं होतं ते मी पाहिलं नाही. त्याने काय पाहिलं ते त्याला माहीत.

"टीचर, हाउ आर यू?" पोरगा म्हणाला. हे पोर वर्गात तोंड उघडत नाही.

इथल्या मुलांना या प्रश्नाचं एकच उत्तर पाठ असतं. ते मोडून काढण्यासाठी मी अख्खं सत्र घालवलं आहे. फळ्यावर वेगवेगळी बारा उत्तरं लिहिली आहेत. घासाघीस करून तक्ते लावले आहेत. आणि त्या क्षणी, वाफेत, तीन पिढ्यांच्या साक्षीने, माझ्या तोंडून बाहेर पडलं:

"आय ॲम फाइन, थँक यू. अँड यू?"

पोराचा चेहरा उजळला. वडिलांनी त्याच्या खांद्यावर थोपटलं. पोराला शाळेत घातल्याचं सार्थक झाल्याचा आनंद त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट होता.

पुढचं फारसं नाही. सुती कपडे देतात ते चढवून गरम फरशीवर लोळलो, भाजलेली तपकिरी अंडी खाल्ली, भाताचं गोड थंडगार पेय प्यायलो. अंगावर कपडे असण्यात केवढं सुख आहे, ते तिथे पडून मला तासभर जाणवत राहिलं.

रविवारी आईचा व्हिडिओ कॉल. "काय रे, उजळलास! तिकडचं पाणी मानवलं वाटतं." मी हो म्हटलं. कुणी न्हाऊ घातलं ते सांगितलं नाही.

सोमवारी सकाळी मुख्याध्यापक नेहमीप्रमाणे फाटकाशी उभे होते. करडा सूट, निळा टाय, मुलांच्या नमस्कारांना मोजून मान हलवत. मी त्यांच्या बुटांकडे पाहत कमरेतून वाकलो. मला वाटलं, शनिवार शनिवारीच संपला. तोच ते पुढे झुकले आणि शाळेच्या फाटकात, शंभर पोरांच्या देखत, त्यांच्या मोजक्या इंग्रजीत काळजीने विचारलं, "पाठ कशी आहे?"

मी काही बोलायच्या आत रांगेतून तोच आठवीतला पोरगा मोठ्याने ओरडला, "फाइन, थँक यू!"